बिब्ब्याचे पाच डाग

हॉस्पिटल क्वार्टर्स, साउथहॅम्प्टनजवळ
२६ सप्टेंबर १९८६

उल्का,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते घाईत राहून गेलेलं नाही, हे आधीच सांगते.

तुझं पत्र पोचलं. शाळेच्या गणपतीपुढे तू बसवलेलं नाटुकलं, आईंनी केलेले एकशे एक मोदक, सगळं वाचलं. शेवटी विचारलंयस, 'रश्मी इंग्लंडात रमली का गं?' सांगते कशी रमली ती. रश्मी मंगळवारपासून लहान मुलांच्या वॉर्डात आहे. तिला ताप नाही, खोकला नाही, व्यवस्थित जेवते. तिला तिथे ठेवलंय ते माझ्यापासून सांभाळायला. मी तिच्या खाटेशी बसले की एक नर्स खुर्ची घेऊन आमच्यासमोर बसते. मी तिला वरणभात भरवते तेव्हासुद्धा ती माझ्या हाताकडे बघत असते.

इथे पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असलं की सरकारतर्फे एक बाई घरी येते. हेल्थ व्हिजिटर म्हणतात तिला. आमची मिसेस पार्किन. मंगळवारी आली. मी चहा केला, चिवडा ठेवला. तिने पिशवीतून वजनकाटा काढला आणि रश्मीचे कपडे काढ म्हणाली. मी म्हटलं, बनियन राहू दे, थंडी आहे. तिने रश्मीला गुदगुल्या करत स्वतःच बनियन वर केलं. मग तिने गुदगुल्या थांबवल्या.

बेंबीच्या वर तीन आणि खाली दोन, असे पाच काळे गोल. खालच्या एकावर अजून खपली आहे, कारण पोरगी तो खाजवते. बाईने चहाचा कप उचलून टेबलावर लांब ठेवला आणि विचारलं, "मिसेस करंदीकर, तुमच्या घरात सिगारेट कोण ओढतं?"

पुढचं काय सांगू. तासाभरात हॉस्पिटल, संध्याकाळी कोर्टाचा कागद. मुलांचे मोठे डॉक्टर, सोशल वर्कर, आणि त्यांनी तुझ्या भावाला, शशीला, वरून ऑर्थोपेडिक वॉर्डातून बोलावून घेतलं. त्याच्याच हॉस्पिटलात, त्याच्याच साहेबांच्या देखत, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. तो इथे आठवड्याला नव्वद तास राबतो. मुलगी उठायच्या आधी जातो आणि झोपल्यावर येतो. त्याने तोवर तिचं पोट पाहिलेलंच नव्हतं. आंघोळ मी घालत होते आणि बनियन मी घालत होते. त्याने एकदा बघितलं आणि लगेच ओळखलं. मिरजेला शिकताना असे डाग त्याने शंभर मुलांच्या अंगावर पाहिले असतील. सगळ्यांसमोर मराठीत विचारलं, "शैला, बिब्बा कुणी घातला हिला?"

मी म्हटलं, "तुझ्या आईने."

"आणि तू कुठे होतीस?"

"मी घरी नव्हते. शिंप्याकडे गेले होते."

हे वाचून तू जिथे असशील तिथे उभी राहिली असशील. बस खाली. मला काही आठवण करून देऊ नकोस. बिब्बा कुणाच्या डब्यातला होता? दाभण कुणाच्या हातात होतं? मग झालं तर. मी खोटं ते काय बोलले?

आता नीट वाच. इथे आमच्या ओळखीच्या एक डॉक्टर सुप्रभा आहेत, मूळच्या वाईच्या, गावात जीपी आहेत. त्या म्हणाल्या, पोट बिघडलं की तापवलेला बिब्बा टेकवतात, हा औषधोपचार होता, छळ नव्हता, हे मी समजावून सांगेन. पण ज्यांनी केलं त्यांचं लेखी हवं. इथे मूल आईकडे ठेवायचं की परक्या घरात, ते ठरवणारी मीटिंग बावीस ऑक्टोबरला आहे. परक्या घरात म्हणजे फॉस्टर होममध्ये. तिला 'पाणी' म्हणता येतं, 'वॉटर' येत नाही. त्या घरात तिने पाणी मागितलं तर कुणाला कळणार आहे?

तेव्हा आईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं की हे त्यांनी केलं, सुनेला विचारलं नाही, आणि सून त्या वेळी घरात नव्हती. खाली तू इंग्रजीत भाषांतर कर, तुझ्या हेडमास्तरांचा शिक्का घे आणि मिळेल त्या पोस्टाने पाठव. आई नाही म्हणाल्या तर त्यांना एवढंच विचार, की 'पोरीला इथे ठेवून जा, शशीची परीक्षा होईपर्यंत मी सांभाळते' म्हणत होत्या ना? मी ठेवली नाही. आता ती कुणा तिसऱ्याच बाईच्या घरी राहिलेली चालेल का?

शैला

•

हॉस्पिटल क्वार्टर्स
२४ ऑक्टोबर १९८६

उल्का,

कागद वेळेवर पोचला. रश्मी घरी आहे. मीटिंग परवा झाली आणि आईबापांना आत घेत नाहीत, तेव्हा आम्ही दोघं दोन तास बाहेर खेळण्यांच्या खोक्याशेजारी बसून होतो. शशी एका लाकडी बदकाची चाकं फिरवत होता.

डॉक्टर सुप्रभांनी आत सगळं सांगितलं. निकाल असा, की मूल आईकडे राहील. तिचं नाव रजिस्टरवर राहील, जोखमीतल्या मुलांच्या. मला दर बुधवारी एका वर्गाला जायचंय. तिथे अठरा वर्षांची एक पोरगी मला मुलाला आंघोळ घालायला शिकवणार आहे. कोपराने पाणी तपासायचं, म्हणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि शेवटची अट, की रश्मीला तिच्या आजीच्या ताब्यात एकटं कधीही द्यायचं नाही. तशी शशीने सही केली.

आता मला सांग, ती शेवटची ओळ लिहायला कुणी सांगितलं होतं? मी सांगितल्या तेवढ्याच गोष्टी लिहायच्या होत्या. 'पाचही डाग मी दिले. सुनेला विचारलं नाही. ती घरात नव्हती.' इथे थांबायचं होतं. पण खाली आईंनी त्यांच्या त्या सातवी पासच्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'लेकराला आईपासून तोडू नका. मला काय शिक्षा द्यायची ती द्या.' आणि तू मुकाट्याने त्याचंही भाषांतर केलंस! सुप्रभाताई म्हणाल्या, ती ओळ वाचताना सोशल वर्करने चष्मा काढला. मला नको होती ती ओळ. ती ओळ मला घरभर दिसते आहे.

शशीने मूळ कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकला. म्हणाला, "मी डॉक्टर झालो ते तिला घरात एवढंसुद्धा समजावू शकलो नाही. माझ्या पाठीमागे माझ्या मुलीला भाजली तिने." आईला आता तो पत्र लिहिणार नाही आणि मीही लिहू नये, असं त्याने सांगितलंय.

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? नाव रजिस्टरवर आहे. मी तोंड उघडलं असतं तर आई खोटारडी, आजी खोटारडी, आत्या खोटारडी, आणि मुलगी गेली. तूच सांग, तू माझ्या जागी असतीस तर बोलली असतीस का? खरं तर सांगूच नकोस. नाकाने कांदे सोलणाऱ्यांची मतं मला नकोत.

आईंना सांग, थंडी पडली आहे आणि रश्मी त्यांनी विणलेला निळा स्वेटर घालते.

शैला

•

ब्रिस्टल
९ जानेवारी १९९०

उल्का,

लग्न नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. गिरीशरावांना नमस्कार सांग.

तुझ्या पत्राच्या पहिल्या दोन पानांना हे उत्तर झालं. आता पुढच्या सहा पानांचं.

शशी तुझ्या लग्नाला एकटा आला, चार दिवस हॉटेलात उतरला, आईंच्या हातचं पाणीसुद्धा प्यायला नाही, मांडवात त्या समोर आल्या तर उठून बाहेर गेला, आणि हे सगळं 'तू केलंस' असं लिहितेस. मी त्याचे पाय बांधले होते का? तुझा भाऊ आहे. चाळीस वर्षांचा होत आला. मी पाठवला म्हणून तो आला, हे तरी लक्षात घे. तो येणारच नव्हता.

मी का आले नाही, विचारतेस. रश्मीची शाळा होती. डिसेंबरात इथे शाळेत येशूच्या जन्माचं नाटक असतं, ती त्यात मेंढी झाली होती. हसू नकोस. साडेतीन वर्षांत चार गावं आणि चार हॉस्पिटलं झाली. दर वर्षी शशीची नोकरी संपते आणि दर वेळी तेच खोके, तीच भांडी, भिंतींचा नवा ओलावा. आणि दर नव्या गावात आम्ही पडदे लावायच्या आत दारात नवी हेल्थ व्हिजिटर. माणसं नंतर येतात, फाइल आधी पोचते. त्या सगळ्या गोड बोलतात आणि सगळ्या रश्मीचं बनियन वर करतात. रजिस्टरवरून नाव कधीच निघालं, पण फाइल कुठे जाते? मागच्या वर्षी शाळेत ती झोक्यावरून पडली आणि गुडघा फुटला, तर बाईंनी मला बोलावून तीनदा विचारलं, नक्की झोकाच ना? मी नक्की झोकाच म्हटलं. खरं सांगताना माझा आवाज कापतो, उल्का, खोटं सांगताना कापला नव्हता.

आणि तू कुठल्या तोंडाने मला विचारतेस? तू मांडवात होतीस. शशी उठून बाहेर गेला तेव्हा तू त्याच्या मागे जाऊ शकत होतीस. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोललीस? आईंनी शपथ घातली म्हणे. कॉलेजात कुणाला घाबरली नव्हतीस, प्रिन्सिपॉलच्या खोलीत जाऊन भांडली होतीस. आता शपथेच्या मागे लपतेस आणि सहा पानं मला लिहितेस. तुझं गप्प बसणं पुण्याचं आणि माझं पापाचं, असं का?

मोठ्या माणसाने सुनेला दटावायचं असतं. एक थोबाडीत द्यायची आणि बाजूला सारायचं. ते केलं असतं तर आज यातलं काही झालं नसतं. आईंना हे वाचून दाखव. नको. दाखवू नकोस.

मोत्यांचा सेट शशीबरोबर पाठवला होता तो तुला मिळाला की नाही, ते तरी कळव.

शैला

•

मेडनहेड
१९ मे १९९६

उल्का,

तुझं पत्र शशीच्या हातात दिलं. आईंची उजवी बाजू गेली हे त्याने वाचलं, डॉक्टरी प्रश्न चार विचारले, बीपी किती होतं, गिळता येतं का, आणि कागद परत माझ्याकडे दिला. म्हणाला, "पैसे लागतील तेवढे पाठव." मी म्हटलं, "त्यांनी पैसे मागितले नाहीत, रश्मीचा फोटो मागितलाय." म्हणाला, "मग फोटो पाठव." आणि लॉन कापायला गेला.

फोटो सोबत आहे. युनिफॉर्म नवा आहे, टाय वाकडा आहे, ते तिला तसंच आवडतं.

पण मी फोटोसाठी लिहीत नाही. परवा जे झालं ते मला कुणाला तरी सांगायचंय, आणि ते कळेल असं माणूस या जगात तू एकटीच आहेस, हे माझं दुर्दैव.

रश्मीला शाळेत पोहायला नेतात. मी आणायला गेले तर पाच-सहा मुली कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर केस पुसत उभ्या होत्या. एकीने विचारलं, तुझ्या पोटावर काय आहे? रश्मी अगदी सहज म्हणाली, इंग्रजीत अर्थातच, "माझी इंडियातली आजी दुष्ट होती, तिने मला बाळ असताना भाजलं." आणि त्या सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. तिला ते आवडलं, उल्का. बारा वर्षांची मुलगी, तिला सांगायला काहीतरी विशेष होतं.

गाडीत मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "बाबा. मी आठ होते तेव्हा विचारला मी त्यांना." मग म्हणाली, "मी त्या आजीकडे कधी नाय जाणार. ती मला बर्न केला. आणि ती सॉरी पण नाय म्हटला." तिच्या मराठीत. माझ्याशी ती हट्टाने मराठी बोलते, मला बरं वाटावं म्हणून.

मी ट्रॅफिक लाइटला उभी होते. हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी तशीच उभी.

मला तुझा राग येतो आहे. शशीचा येतो आहे, पोरीला हे सांगायच्या आधी मला विचारलंदेखील नाही. मिसेस पार्किनचा येतो, ती बिचारी रिटायरसुद्धा झाली असेल. आणि आईंचा तर सगळ्यात जास्त येतो. इतकं निमूट कुणी असतं का? दहा वर्षं! एका अक्षराने तक्रार नाही. दर दिवाळीला पोरीसाठी फ्रॉक शिवून पाठवायच्या, मापाचा कधीच नसायचा, कारण माप घ्यायला पोरगी दिसायला तर हवी. ते सगळे फ्रॉक माझ्याकडे सूटकेसमध्ये आहेत. एकही घातलेला नाही.

त्या कशा आहेत ते लगेच कळव. फोन केलास तरी चालेल. दुपारी कर, शशी नसताना.

शैला

•

मेडनहेड
१७ जून १९९६

उल्का,

मी सांगितलं.

काल रविवारी दुपारी. शशी घरापुढच्या ड्राइव्हवर गाडी धूत होता. मी जाऊन शेजारी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, एका दमात. मधे थांबले असते तर पुढचं बोलले नसते. तुला माहीत आहे सगळं, तरी तुलाही लिहिते. दहा वर्षांत हे मी कागदावर एकदाही लिहिलेलं नाही, तुझ्या पत्रांतसुद्धा कडेकडेने गेले.

गुरुवारची फ्लाइट होती आणि ती सोमवारची दुपार. शशी जूनमध्येच इकडे आला होता. रश्मीला तीन दिवस जुलाब, पोट फुगलेलं, डॉक्टरांचं औषध पोटात ठरत नव्हतं. दहा तास विमानात एकटी, आजारी पोर घेऊन, मी कधी मुंबईच्या पुढे गेले नव्हते. मला भीतीने काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, आई, बिब्बा घाला हिला. आई म्हणाल्या, "अगं नको. आता कोणी घालत नाही. कातडी नाजूक आहे, उतेल. शशीला कळलं तर रागवेल." मी म्हटलं, "माझ्या आईने मला घातला होता, मी मेले का? तुम्ही घालत नसाल तर मी घालते." आणि मी फडताळातून डबा काढला, दाभण घेतलं. माझा हात इतका थरथरत होता की बिब्बा दाभणावर टोचला जात नव्हता. तेव्हा आईंनी माझ्या हातातून घेतलं. "तुझा हात कापतोय. पोरीच्या डोळ्याबिळ्यात उडेल. आण इकडे," म्हणाल्या. तू दिवा धरलास. मी तिचे पाय धरले. ती किंचाळत होती. तीन झाल्यावर आई म्हणाल्या, "पुरे." मी म्हटलं, "पाच घाला. माझ्या आईने पाच घातले होते."

त्यांनी आणखी दोन घातले. ते दोनच उतले. फोड आले, पाणी आलं, विमानात फ्रॉकला चिकटले. खपली धरली ती त्यातल्याच एकावर, आणि ती खपली मिसेस पार्किनला दिसली. नुसते वरचे तीन असते तर कदाचित इतकं भडकलं नसतं. हे मी शशीला सांगितलं.

त्याने नळ बंद केला नाही. पाणी तसंच फुटपाथवर वाहत होतं आणि समोरच्या घरातला म्हातारा खिडकीतून बघत होता. शशीने एकच विचारलं, "उल्काला माहीत होतं?" मी हो म्हटलं. मग तो गाडीत जाऊन बसला, काचा वर केल्या आणि बराच वेळ बसला. अर्धी गाडी साबणाची होती. मीच पाइप घेऊन ती धुतली, तो आत असतानाच. दुसरं काय करणार होते?

बाहेर आल्यावर म्हणाला, "मांडवात आई माझ्यासाठी वाटीत श्रीखंड घेऊन आली होती." बस्स. तेवढंच म्हणाला. ओरडला असता तर मी उलटून ओरडले असते, मला येतं ते. तो ओरडला नाही.

रश्मीला मी सांगितलं. तोही माझाच हक्क, म्हटलं. स्वयंपाकघरात सांगितलं. ती टोस्ट खात होती. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "सो इट वॉज यू?"

"हो."

"ॲण्ड यू लेट मी हेट हर?"

मी म्हटलं, तुला ते घेऊन गेले असते, तू पाणीसुद्धा मागू शकली नसतीस. म्हणाली, "तेव्हा, ओके. पण नंतर?" उल्का, पहिल्या महिन्याचं उत्तर आहे, पहिल्या वर्षाचंही देईन. पुढच्या नऊ वर्षांत मला कोणी पकडून ठेवलं नव्हतं. शशी माझ्याकडे आईच्या तक्रारी करायचा आणि मी चपात्या लाटत ऐकून घ्यायचे. काही वेळा मी हूंसुद्धा म्हटलंय.

आज सकाळी शशीने तिकिटं काढली. शनिवारी निघतील, रविवारी दुपारपर्यंत सांगलीला पोचतील. दोनच काढली आहेत, त्याचं आणि रश्मीचं. रश्मीने सूटकेस उघडली, ते सगळे फ्रॉक बाहेर काढून पलंगावर ओळीने मांडले आणि वर्षं लिहून ठेवते आहे, कुठला कधीचा ते मला विचारून. एवढ्यापुरती माझ्याशी बोलते. अकरा फ्रॉक आहेत, कारण एका दिवाळीला आईंनी दोन पाठवले होते. सगळे बरोबर आणणार आहे म्हणते.

तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. तुला वाटत असेल आता हिचं डोकं शांत झालं असेल, माफी मागेल. आईंची मागायची आहे, तुझी नाही. तू मला सांभाळून घेतलंस, असं तुला वाटतं. तू मूग गिळून बसलीस आणि मला रोज तुझ्या मेहेरबानीवर जगायला लावलंस. पहिल्याच वर्षी भावाला खरं लिहिलं असतंस, तर माझा संसार मोडला असता किंवा नसता, पण आई मांडवात वाटी घेऊन तशा उभ्या राहिल्या नसत्या. ते तुझ्याही माथ्यावर आहे, आणि ते मी कमी करणार नाही.

म्हणून आता एक काम कर. हे पत्र कुरिअरने पाठवतेय, त्या दोघांच्या आधी पोचेल. मी काय लिहितेय ते आईंना आधी सांगू नकोस. पण शशी खाटेशी बसला आणि बोलायला लागला, की त्या काय करतील ते मला इथून दिसतंय. तोंडातून शब्द निघत नसले तरी डावा हात छातीवर ठेवतील आणि मान हलवतील, की नाही, मीच केलं, शैला घरात नव्हती. दहा वर्षं म्हणत आल्या, अजून एकदा म्हणतील. मला पाठीशी घालतील, आणि शशी डॉक्टर असला तरी रडायला लागला की त्यांचंच खरं मानेल. त्यांना तसं करू देऊ नकोस. हवं तर शपथ मोड, तिचं पाप माझं.

या वेळी तू बोल. दिवा तू धरला होतास.

रश्मी आईंना पोट दाखवेल, तिने तसं ठरवलंय. तेव्हा तिच्याजवळ उभी राहा आणि बोट ठेवून दाखव. बेंबीच्या वरचे तीन आजीचे, ते तर कधीच फिके झालेत. खालचे दोन माझे.

शैला